लेझरने पहिला वर्णपट घेताना: रेषेपासून मांडणीपर्यंत

लेझर वर्णपटविज्ञानात नव्याने येणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा "कोणता लेझर घ्यावा?" असा असतो. प्रश्न योग्य आहे, पण त्याची पाळी तिसऱ्या पायरीवर येते. त्याआधी कोणत्या अणूची किंवा रेणूची कोणती रेषा, म्हणजे तो ज्या ठराविक तरंगलांबीचा प्रकाश शोषतो ती, पाहायची आहे आणि ती किती रुंद आहे, ही दोन उत्तरे कागदावर असली पाहिजेत. ती असली की लेझर, खिडक्या, आरसे, डिटेक्टर यांची निवड एकामागून एक आपोआप सुटत जाते. ती नसताना उत्तमात उत्तम लेझर आणला तरी तो चुकीच्या जागी प्रकाश टाकत बसतो. गेल्या तीन दशकांत या क्षेत्रात लेझर आणि प्रकाशसाधने इतकी वाढली आहेत की निवडीला वावच वाव आहे, आणि म्हणूनच क्रम पाळण्याचे महत्त्वही वाढले आहे. पुढील मार्गदर्शन मुख्यतः वायूंच्या आणि अणूंच्या शोषण वर्णपटासाठी आहे. रामन मापनासाठी (त्यात नमुन्याने विखुरलेला, तरंगलांबी बदललेला प्रकाश पाहतात) जे वेगळे करावे लागते ते शेवटाकडे स्वतंत्रपणे दिले आहे.

पहिली पायरी: रेषा निवडा

वायूंच्या रेषांसाठी हायट्रान हा माहितीसंच वापरावा. त्यात प्रत्येक रेषेचे स्थान, तीव्रता, दाबामुळे ती किती रुंदावते याचा गुणांक आणि खालच्या पातळीची ऊर्जा दिलेली असते. अणूंच्या रेषांसाठी अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेचा अणुवर्णपटांचा माहितीसंच तितकाच उपयोगी आहे. दोन्ही ठिकाणी स्थान बहुधा तरंगसंख्येत, म्हणजे प्रति सेंटीमीटरमध्ये, मिळते. १ कोटीला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागले की तरंगसंख्या मिळते, आणि १ प्रति सेंटीमीटर म्हणजे सुमारे ३० गिगाहर्ट्झ. हे दोन आकडे पाठ असू द्यावेत, कारण पुढे पदोपदी त्यांची गरज पडते.

मिथेनचे उदाहरण घेऊ. त्याचे मूळ कंपन ३.३ मायक्रोमीटरच्या आसपास शोषण करते आणि त्याच कंपनाचा अधिस्वर (सुमारे दुप्पट वारंवारतेचे शोषण) १.६५ मायक्रोमीटरच्या आसपास. मूळ कंपनाच्या रेषा अधिस्वराच्या रेषांपेक्षा शंभरपटीहून अधिक तीव्र असतात. तरीही १.६५ मायक्रोमीटर हा पर्याय टाकाऊ ठरत नाही, कारण तिथे दूरसंचाराच्या तंत्रज्ञानातून आलेले टिकाऊ डायोड लेझर, काचेचे तंतू आणि सामान्य तापमानाला चालणारे डिटेक्टर सहज मिळतात. मिथेनचे प्रमाण पुरेसे असेल किंवा प्रकाशाचा मार्ग लांबवता येत असेल, तर नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. प्रमाण अत्यल्प असेल आणि उपकरण लहान ठेवायचे असेल, तर ३.३ मायक्रोमीटरकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही. मंगळावरील क्युरिऑसिटी यानातील लेझर वर्णपटमापक मिथेनसाठी ३.२७ मायक्रोमीटरची तरंगलांबी वापरतो, ती याच कारणाने.

रेषा निवडताना सर्वांत तीव्र रेषेमागे न धावता सर्वांत स्वच्छ रेषा शोधावी, असे माझे ठाम मत आहे. शेजारी पाण्याच्या वाफेची रेषा आहे का, कार्बन डायऑक्साइडची आहे का, हे आधी पाहावे. खुल्या हवेतील मापनात सर्वाधिक त्रास पाण्याची वाफच देते. शिवाय रेषा इतकीही तीव्र नसावी की मध्यभागी सगळा प्रकाश शोषला जाईल. अपेक्षित प्रमाणाला आणि मार्गाच्या लांबीला रेषेच्या मध्यावरील शोषण काही टक्क्यांपासून फार तर निम्म्यापर्यंत राहील, अशी रेषा पहिल्या मापनासाठी सोयीची असते.

दुसरी पायरी: रेषेची रुंदी काढा

या पायरीवर घाई करू नये. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या एका आकड्यावर उभे असतात.

रेषा तीन कारणांनी रुंद होते. उत्तेजित पातळीचे आयुष्य मर्यादित असल्यामुळे नैसर्गिक रुंदी येते. रुबिडियमच्या ७८० नॅनोमीटरच्या रेषेसाठी ती सुमारे ६ मेगाहर्ट्झ आहे. अणू किंवा रेणू वेगवेगळ्या वेगांनी धावत असल्यामुळे डॉप्लर रुंदी येते. तिचे सूत्र सोपे आहे: रेषेची वारंवारता गुणिले ७.१६ भागिले १ कोटी, गुणिले केल्विनमधील तापमान भागिले रेणुभार याचे वर्गमूळ. सामान्य तापमानाला हे सूत्र रुबिडियमच्या त्या रेषेसाठी सुमारे ५१० मेगाहर्ट्झ, मिथेनच्या १.६५ मायक्रोमीटरच्या रेषेसाठी सुमारे ५६० मेगाहर्ट्झ आणि ३.२७ मायक्रोमीटरच्या रेषेसाठी सुमारे २८० मेगाहर्ट्झ देते. तिसरे कारण म्हणजे रेणूंच्या टकरींमुळे येणारी, दाबाच्या प्रमाणात वाढणारी रुंदी. हवेत एका वातावरणाच्या दाबाला मिथेनची रेषा सुमारे ३.५ गिगाहर्ट्झ रुंद असते, म्हणजे तिथे टकरींची रुंदी डॉप्लर रुंदीच्या कितीतरी पुढे जाते. दाब एक दशांश केला की दोन्ही रुंदी एकमेकींच्या जवळ येतात, रेषा अरुंद होते आणि शेजारच्या रेषांपासून सुटी दिसू लागते. अनेक उपकरणांत वायू मुद्दाम कमी दाबाला ठेवतात, त्याचे कारण हेच.

या आकड्यांवरून लेझरकडून काय हवे ते थेट ठरते. लेझरची स्वतःची रेषारुंदी पाहायच्या रेषेच्या एक दशांश किंवा त्याहून कमी असावी. लेझर न अडखळता जितका सरकवता येतो तो पल्ला रेषेच्या रुंदीच्या निदान आठ-दहा पट असावा, म्हणजे रेषेच्या दोन्ही बाजूंना शोषण नसलेली सपाट जागा दिसते आणि आधाररेषा विश्वासाने काढता येते. एका वातावरणाच्या दाबाला मिथेन पाहायचे असेल, तर सुमारे ३० गिगाहर्ट्झ, अर्थात १ प्रति सेंटीमीटर, इतका पल्ला लागेल आणि काही मेगाहर्ट्झ रुंदीचा लेझर भरपूर पुरेसा होईल. रुबिडियमच्या डॉप्लरमुक्त (डॉप्लर रुंदी टाळून घेतलेल्या) रेषा पाहायच्या असतील, तर मात्र १ मेगाहर्ट्झच्या खाली उतरावे लागते.

तिसरी पायरी: लेझर निवडा

१९६० मध्ये थिओडोर मैमन यांनी चालवलेला पहिला लेझर माणकाचा होता आणि त्याचा प्रकाश ६९४.३ नॅनोमीटरला बांधलेला होता. अशा लेझरने वर्णपट घ्यायचा तर रेषा नेमकी त्याच जागी असण्याचे भाग्य लागते. १९६६ मध्ये रंजकद्रव्यांचे लेझर आले आणि तरंगलांबी हवी तशी सरकवता येऊ लागली. लेझर वर्णपटविज्ञानाला खरे बळ तिथून मिळाले. १९८२ मध्ये टायटॅनियम-सफायर लेझर आला. तो साधारण ६५० ते ११०० नॅनोमीटरचा प्रचंड पट्टा एकट्याने व्यापतो आणि आजही प्रयोगशाळांत मानाने नांदतो. पण पहिल्या मांडणीसाठी तो घेऊ नये. त्याला ऊर्जा पुरवणारा वेगळा पंप लेझर लागतो, सतत देखभाल लागते आणि नवशिक्याचा वेळ वर्णपटापेक्षा लेझर सांभाळण्यातच जातो. सुरुवात अर्धवाहक लेझरपासून करावी.

निकट अवरक्त भागातील वायूंसाठी डीएफबी (डिस्ट्रिब्युटेड फीडबॅक) डायोड हा सर्वांत सरळ मार्ग आहे. त्याच्या अंतर्भागातच बारीक जालक कोरलेले असल्याने तो एकाच तरंगलांबीला चालतो. तापमान १ अंशाने वाढवले की तरंगलांबी सुमारे ०.१ नॅनोमीटरने वाढते. विद्युतप्रवाह बदलून ती त्याहून कमी पल्ल्यात, पण फार वेगाने सरकवता येते. तापमानाने रेषेवर पोचायचे आणि प्रवाहाने रेषेवरून ये-जा करायची, अशी कामाची वाटणी असते. इथे एक हिशेब अवश्य करून पाहावा. १६५४ नॅनोमीटरला ०.१ नॅनोमीटर म्हणजे सुमारे ११ गिगाहर्ट्झ. तापमान अंशाच्या शंभराव्या भागाने हलले तरी लेझर ११० मेगाहर्ट्झ सरकतो, म्हणून तापमान नियंत्रक अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत स्थिर राहणारा हवा. लेझर चांगला आणि नियंत्रक सुमार अशी जोडी जमवण्यापेक्षा उलट केलेले परवडते.

अणूंच्या अरुंद रेषांसाठी बाह्य कॅव्हिटीचा डायोड लेझर वापरतात. डायोडच्या पुढे ग्रेटिंग, म्हणजे बारीक समांतर रेषा कोरलेली पट्टी, ठेवून प्रकाशाचा थोडा भाग डायोडमध्ये परत पाठवला जातो, आणि ग्रेटिंग फिरवली की तरंगलांबी बदलते. लिट्रो रचनेत परत जाणारा किरण ज्या मार्गाने आला त्याच मार्गाने जातो. ७८० नॅनोमीटरला दर मिलिमीटरमध्ये १८०० रेषा असलेली ग्रेटिंग वापरली तर तिचा कोन सुमारे ४४.६ अंश येतो, म्हणजे बाहेर पडणारी शलाका जवळजवळ काटकोनात वळते आणि मांडणी नेटकी बसते. अशा लेझरची रुंदी १ मेगाहर्ट्झच्या खाली सहज जाते. त्याची अडचण म्हणजे मधूनच एका मोडवरून (लेझरमध्ये टिकू शकणाऱ्या एका ठराविक वारंवारतेवरून) दुसऱ्या मोडवर मारलेली उडी. ग्रेटिंग फिरवताना त्याच प्रमाणात विद्युतप्रवाहही बदलत ठेवला, तर उडीविना मिळणारा पल्ला पुष्कळ वाढतो.

मध्य अवरक्त भागात, म्हणजे रेणूंची मूळ कंपने जिथे आहेत तिथे, गेल्या तीन दशकांत सर्वांत मोठा बदल घडला. १९९४ मध्ये बेल लॅब्जमध्ये जेरोम फाइस्ट, फेडेरिको कपासो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वांटम कॅस्केड लेझर चालवून दाखवला. त्याची मूळ कल्पना काझारिनोव्ह आणि सुरिस यांनी १९७१ मध्येच मांडली होती. नेहमीच्या डायोडमध्ये तरंगलांबी पदार्थाच्या ऊर्जा-अंतरावर अवलंबून असते. क्वांटम कॅस्केडमध्ये ती अतिपातळ थरांच्या जाडीवर ठरते, त्यामुळे थरांची आखणी बदलून त्याच पदार्थांपासून वेगवेगळ्या तरंगलांबीचे लेझर बनवता येतात. सुरुवातीला त्यांना अतिशीत ठेवावे लागे. २००२ मध्ये ते सामान्य तापमानाला अखंड चालू लागले आणि प्रयोगशाळेबाहेरच्या उपकरणांचा मार्ग मोकळा झाला. साधारण ४ मायक्रोमीटरपासून १० मायक्रोमीटरच्या पुढेपर्यंत त्यांची सत्ता आहे. ३ ते ६ मायक्रोमीटरच्या भागात इंटरबँड कॅस्केड लेझर हा पर्यायही असतो आणि तो बराच कमी वीज खातो. मिथेनची ३.३ मायक्रोमीटरची रेषा हवी असेल, तर हाच पहिला विचार असावा. क्वांटम कॅस्केड घ्यायचा असेल, तर दोन गोष्टींची तयारी ठेवावी: त्यातून निघणारी काही वॅट उष्णता वाहून नेणारी बैठक, आणि अतिशय शांत विद्युतप्रवाह देणारा चालक. प्रवाहातील खळबळ सरळ लेझरच्या रेषारुंदीत उतरते.

लेझर सुरू करण्यापूर्वी

४०० ते १४०० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यातील भिंगातून आत जाऊन दृष्टिपटलावर एकवटतो. ७८० नॅनोमीटरची शलाका डोळ्याला अत्यंत मंद तांबडी दिसते आणि १०६४ नॅनोमीटरची दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटून बचाव होत नाही. १४०० नॅनोमीटरच्या पुढे धोका मुख्यतः डोळ्याच्या बाह्य पटलाला असतो. तो कमी आहे, पण नाहीसा झालेला नाही. लेझरचा वर्ग त्याच्या लेबलावर पाहावा. ३बी आणि ४ या वर्गांसाठी त्या तरंगलांबीचा आणि पुरेशा घनतेचा चष्मा अनिवार्य आहे. दुसऱ्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा निरुपयोगी असतो. शलाका टेबलाला समांतर आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीपासून दूर ठेवावी, जुळवणी सर्वांत कमी शक्तीवर करावी, हातातली घड्याळे-अंगठ्या काढून ठेवाव्यात आणि प्रत्येक अनावश्यक परावर्तनापुढे काळा अडथळा ठेवावा.

चौथी पायरी: खिडक्या, भिंगे, आरसे

दृश्य आणि निकट अवरक्त भागात बीके७ काच साधारण ३५० नॅनोमीटरपासून २ मायक्रोमीटरपर्यंत चालते, आणि अतिनीलासाठी फ्यूज्ड सिलिका लागते. मध्य अवरक्तात मात्र साधी काच अपारदर्शक होते. तिथे कॅल्शियम फ्लोराइड सुमारे ८ मायक्रोमीटरपर्यंत, झिंक सेलेनाइड त्याच्याही बऱ्याच पुढे आणि जर्मेनियम २ मायक्रोमीटरच्या पुढून वापरतात. पोटॅशियम ब्रोमाइडची खिडकी दमट हवेत खराब होते. झिंक सेलेनाइडचा अपवर्तनांक सुमारे २.४ असल्याने लेप नसेल तर त्याचे प्रत्येक पृष्ठ १७ टक्के प्रकाश परत फेकते, आणि जर्मेनियमचे तर ३६ टक्के. म्हणून या पदार्थांवर परावर्तनरोधी लेप असलाच पाहिजे. एक व्यावहारिक भेद असा की झिंक सेलेनाइडमधून तांबडा प्रकाश जातो, त्यामुळे अदृश्य शलाकेच्या मार्गावर आधी तांबडा लेझर टाकून जुळवणी करता येते. जर्मेनियममधून दृश्य प्रकाश मुळीच जात नाही. नवशिक्याने शक्य तिथे झिंक सेलेनाइड घ्यावे. अवरक्तात सोन्याचा मुलामा दिलेले वक्र आरसे भिंगांपेक्षा सोयीचे ठरतात, कारण त्यांचे नाभीय अंतर तरंगलांबीनुसार बदलत नाही आणि तांबड्या शलाकेने केलेली जुळवणी अवरक्त शलाकेलाही लागू पडते.

आता ज्या एका गोष्टीने नवशिक्यांचे सर्वाधिक आठवडे खाल्ले जातात तिच्याकडे वळू. दोन समांतर पृष्ठांमध्ये प्रकाश मागेपुढे परावर्तित झाला की लेझर सरकवताना तीव्रता लाटेसारखी वरखाली होते. या लाटेचा आवर्त पृष्ठांमधल्या अंतरावर ठरतो: त्या माध्यमातील प्रकाशाचा वेग भागिले अंतराची दुप्पट. ३ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या खिडकीत हा आवर्त सुमारे ३३ गिगाहर्ट्झ येतो. तो रेषेपेक्षा फार रुंद असल्याने आधाररेषेत सामावून घेता येतो. पण हवेत ५ सेंटीमीटर अंतरावर असलेल्या दोन पृष्ठांमुळे तो ३ गिगाहर्ट्झ येतो, आणि ही मिथेनच्या रेषेचीच रुंदी आहे. अशी लाट रेषा म्हणून खपून जाते. तिचा आकार लहान असेल असे समजू नये: लेप नसलेल्या काचेच्या दोन समांतर पृष्ठांमुळे तीव्रता १६ टक्क्यांपर्यंत हलू शकते, आणि प्रत्येकी ०.१ टक्का परावर्तनाचे उत्तम लेप असले तरी ०.४ टक्क्यांपर्यंत हलते. मापायचे शोषण हजारात एक भाग असेल, तर हा अडथळा त्याच्या चौपट ठरतो.

यावर उपाय आहेत आणि ते मांडणी उभारतानाच करावे लागतात. खिडक्या पाचरीसारख्या, अर्ध्या अंशाच्या आसपास तिरक्या कापलेल्या घ्याव्यात. त्या शलाकेला काटकोनात न लावता किंचित कलत्या लावाव्यात. शलाकेचे ध्रुवण योग्य असेल, तर खिडकी ब्रूस्टर कोनात लावावी. काचेसाठी तो सुमारे ५६ अंश आहे आणि त्या कोनाला परावर्तन जवळजवळ शून्य होते. डिटेक्टरच्या पुढची छोटी खिडकी विसरू नये, कारण बऱ्याचदा दोषी तीच असते. लाट कुठून येते हे शोधण्यासाठी तिचा आवर्त मोजावा, त्यावरून अंतर काढावे आणि मांडणीत तेवढ्या अंतरावर कोणती दोन पृष्ठे आहेत ते पट्टीने मोजून पाहावे. हा उपाय क्वचितच निष्फळ ठरतो.

परावर्तित प्रकाश लेझरमध्ये परत गेला तर लेझर स्वतःच अस्थिर होतो. त्यासाठी लेझरच्या लगेच पुढे फॅरेडे आयसोलेटर, म्हणजे प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारे साधन, लावावा. चांगला आयसोलेटर परतणारा प्रकाश हजारपट कमी करतो. बाह्य कॅव्हिटीच्या लेझरला तर तो अपरिहार्य आहे.

पाचवी पायरी: मार्ग लांबवा

शोषण कमी असेल तर प्रकाशाला वायूतून अधिक अंतर चालवावे. व्हाइट यांनी १९४२ मध्ये आणि हेरियट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये दिलेल्या रचनांत शलाका आरशांमध्ये डझनावारी वेळा मागेपुढे जाते, आणि अर्ध्या मीटरच्या नळीत काही दशक मीटर मार्ग मिळतो. हेरियट रचना दोनच आरशांची असल्याने जुळवायला सोपी आहे. पहिल्या मांडणीसाठी तीच घ्यावी.

त्याहून पुढे जायचे तर कॅव्हिटी रिंगडाउन पद्धत आहे. ओकीफ आणि डीकन यांनी ती १९८८ मध्ये मांडली. दोन अतिपरावर्तक आरशांच्या मध्ये प्रकाश कोंडायचा, लेझर तोडायचा आणि आतला प्रकाश किती वेळात ओसरतो ते मोजायचे. आरसे ९९.९९ टक्के परावर्तक असतील आणि त्यांच्यात अर्धा मीटर अंतर असेल, तर प्रकाश सुमारे १७ मायक्रोसेकंदांत मूळच्या ३७ टक्क्यांवर येतो आणि प्रभावी मार्ग ५ किलोमीटरचा होतो. आत शोषक वायू आला की हा काळ घटतो. लेझरची शक्ती वरखाली झाली तरी ओसरण्याच्या काळावर परिणाम होत नाही, हे या पद्धतीचे मोठे बलस्थान. किंमत मोजावी लागते ती स्वच्छतेत: परावर्तन ९९.९९ वरून ९९.९८ टक्क्यांवर आले की प्रभावी मार्ग निम्मा होतो, आणि एवढी घसरण आरशावर बसलेल्या धुळीनेही होते. गेल्या दशकभरात स्फटिकरूप थरांचे आरसेही आले आहेत. त्यांच्यातील औष्णिक कंप कमी असल्याने अतिस्थिर लेझरांसाठी त्यांचे महत्त्व मोठे आहे, आणि मध्य अवरक्तातही त्यांचे नुकसान कमी असते.

सहावी पायरी: डिटेक्टर आणि मॉड्युलेशन

सिलिकॉनचा डिटेक्टर १.१ मायक्रोमीटरपर्यंत, इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा १.७ पर्यंत, इंडियम आर्सेनाइड अँटिमोनाइडचा साधारण ५ पर्यंत आणि मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइडचा त्याच्या पुढे वापरतात. डिटेक्टर संपृक्त होत नाही याची खात्री करण्यासाठी शलाका निम्मी करावी आणि सिग्नलही बरोबर निम्मा होतो का ते पाहावे.

कमी वारंवारतेला सर्वच साधनांतला नॉइज अधिक असतो. म्हणून लेझरच्या प्रवाहावर काही किलोहर्ट्झचे कंपन चढवतात आणि लॉक-इन अॅम्प्लिफायरने (ठराविक वारंवारतेचाच सिग्नल वेचणाऱ्या साधनाने) त्याच्या दुप्पट वारंवारतेचा सिग्नल वाचतात. कंपनाचा विस्तार रेषेच्या अर्ध्या रुंदीच्या सुमारे २.२ पट ठेवला की हा सिग्नल कमाल होतो. इथे अर्धी रुंदी म्हणजे अर्ध्या उंचीवरच्या पूर्ण रुंदीचा अर्धा भाग. यात गोंधळ झाला तर सिग्नल कमी पडतो आणि कारण सापडत नाही. प्रकाश न मोजता शोषणाने उठणारा ध्वनी मोजण्याचीही पद्धत आहे. २००२ मध्ये तिच्यात घड्याळातला क्वार्ट्झचा स्वरकाटा वापरण्याची युक्ती आली. तो ३२,७६८ हर्ट्झला कंप पावतो, आणि काही घन मिलिमीटर वायूवरही मापन शक्य होते.

सातवी पायरी: आडवा अक्ष खरा करा

लेझरचा प्रवाह सरळ रेषेत वाढवला तरी वारंवारता सरळ रेषेत वाढत नाही. त्यामुळे प्रवाहाच्या अक्षावर काढलेला वर्णपट रेषेचा आकार विकृत दाखवतो. शलाकेचा थोडा भाग ५ सेंटीमीटर लांबीच्या घन काचेच्या इटालॉनमधून, म्हणजे दोन समांतर परावर्तक टोके असलेल्या तुकड्यातून, न्यावा. तिथे दर २ गिगाहर्ट्झला एक शिखर येते, आणि त्या शिखरांवरून अक्ष सरळ करता येतो. अक्षावरचा शून्यबिंदू ठरवण्यासाठी दुसरा भाग ज्ञात वायूच्या छोट्या संदर्भ नळीतून न्यावा. रुबिडियमच्या नळीत निसर्गाने खुणा आधीच घालून दिल्या आहेत: मूळ पातळी ज्या दोन उपपातळ्यांत विभागलेली असते त्यांतील अंतर ८७ वस्तुमानांकाच्या समस्थानिकात ६.८३५ गिगाहर्ट्झ आणि ८५च्या समस्थानिकात ३.०३६ गिगाहर्ट्झ आहे.

याहून अचूक अक्ष हवा असेल तर वारंवारता-कंगवा वापरतात. त्याच्या प्रकाशात समान अंतरावरच्या लक्षावधी रेषा असतात आणि प्रत्येक रेषेची वारंवारता दोनच रेडिओ वारंवारतांवरून ठरते: दोन रेषांमधले अंतर आणि सुरुवातीचा सरक. त्यामुळे प्रकाशाच्या वारंवारतेला अणुघड्याळाशी जोडलेली मोजपट्टी लावता येते. या तंत्रासह लेझरवर आधारलेल्या अचूक वर्णपटविज्ञानासाठी जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श यांना २००५ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग विभागून मिळाला. २००७ मध्ये हाच कंगवा सूक्ष्म वलयात, चिपवर बसेल एवढ्या आकारात तयार करून दाखवण्यात आला. किंचित वेगळे अंतर असलेले दोन कंगवे एकत्र केले, तर कोणताही भाग न हलवता विस्तृत वर्णपट क्षणार्धात मिळतो. २०२४ मध्ये सुमारे १४८ नॅनोमीटरच्या निर्वात-अतिनील कंगव्याने थोरियम-२२९ च्या अणुकेंद्रातील संक्रमणाची वारंवारता मोजली गेली. लेझर वर्णपटविज्ञान इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या ओलांडून केंद्रकापर्यंत पोचले, ही या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला उभारी देणारी घटना आहे. पहिल्या मांडणीला इटालॉन आणि संदर्भ नळी पुरते.

रामन मापन करायचे असेल तर

इथे लेझर सरकवावा लागत नाही. तो स्थिर आणि अरुंद हवा, आणि विखुरलेल्या प्रकाशाचे विश्लेषण वर्णपटमापक करतो. रामन विखुरणे अत्यंत दुर्बळ असते आणि त्याची तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ५३२ नॅनोमीटरला ७८५ नॅनोमीटरपेक्षा सुमारे ४.७ पट अधिक सिग्नल मिळायला हवा. प्रत्यक्षात बऱ्याच सेंद्रिय नमुन्यांत ५३२ नॅनोमीटरला प्रतिदीप्ती (प्रकाश शोषून नमुन्याने स्वतः दिलेली चमक) इतकी उसळते की रामन रेषा तिच्यात बुडून जातात, म्हणून ७८५ हीच सर्वसाधारण निवड ठरली आहे. तिचीही मर्यादा आहे: कार्बन-हायड्रोजन बंधांच्या २९०० प्रति सेंटीमीटरच्या आसपासच्या रेषा १०१६ नॅनोमीटरला जाऊन पडतात, जिथे सिलिकॉनचा डिटेक्टर मंदावतो. त्या रेषा महत्त्वाच्या असतील आणि नमुना चमकत नसेल, तर ५३२ घ्यावा. उलट टोकाला, २५० नॅनोमीटरच्या खालच्या लेझरने रामन रेषा प्रतिदीप्ती सुरू होण्याआधीच संपतात. पर्सिव्हिअरन्स यानावरील शेरलॉक हे उपकरण २४८.६ नॅनोमीटरचा लेझर वापरते.

प्रकाशसाधनांतील ज्या प्रगतीने रामन मापन सर्वाधिक बदलले ती गाळण्यांची आहे. काचेच्या घनभागात कोरलेल्या ब्रॅग जालकाच्या गाळण्या लेझरची रेषा इतकी अरुंद कापतात की १० प्रति सेंटीमीटरच्या खालच्या रेषाही एका साध्या वर्णपटमापकाने दिसतात. पूर्वी त्यासाठी दोन-तीन वर्णपटमापक एकापुढे एक लावावे लागत. दररोज मापनापूर्वी सिलिकॉनच्या चकतीची रेषा घ्यावी, ती ५२०.५ प्रति सेंटीमीटरच्या आसपास यायला हवी, आणि सरकलेली आढळल्यास पुढे न जाता अक्ष पुन्हा जुळवावा.

पहिल्या वर्णपटावर विश्वास ठेवण्यापूर्वी

शोषणाची पहिली सुबक रेषा पडद्यावर दिसली की मोजणीला लागण्याचा मोह होतो. त्याआधी चार पडताळण्या कराव्यात. लेझर झाकून डिटेक्टरची शून्यपातळी नोंदवावी, आणि ती प्रत्येक सत्रात नव्याने नोंदवावी. नळीत शुद्ध नायट्रोजन भरून रिकामा वर्णपट घ्यावा. त्यात रेषेच्या जागी काही उरले तर ती परावर्तनांची लाट आहे किंवा नळीबाहेरच्या हवेतील शोषण आहे. बाहेरचे शोषण निकट अवरक्तात पाण्याच्या वाफेमुळे हमखास येते आणि तो मार्ग नायट्रोजनने धुवून काढावा लागतो.

तिसरी पडताळणी क्षेत्रफळाची. रेषेची उंची दाबानुसार बदलते, पण रेणूंची संख्या तीच असेल तर शोषणांकाच्या (मूळ आणि उरलेल्या प्रकाशाच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमच्या) रेषेखालचे क्षेत्रफळ बदलत नाही. ज्ञात प्रमाणाच्या मिश्रणात नायट्रोजन मिसळून दाब वाढवत न्यावा आणि क्षेत्रफळ स्थिर राहते का ते पाहावे. प्रत्येक नोंदीसोबत दाब आणि तापमान लिहून ठेवावे, कारण त्यांच्याशिवाय वर्णपटावरून प्रमाण काढता येत नाही.

चौथी पडताळणी लेझरच्या शुद्धतेची असते आणि ती बहुतेक जण टाळतात. नळीत इतका वायू भरावा की रेषेच्या मध्यावर सगळा प्रकाश शोषला जायला हवा. तिथे सिग्नल शून्यपातळीला न टेकता वर थबकला, तर उरलेला प्रकाश लेझरच्या इतर मोडमधून किंवा नळीला वळसा घालून येत आहे. एकूण प्रकाशाच्या किती टक्के तो आहे हे तिथेच वाचता येते. तो दोन टक्के असेल, तर प्रत्येक मापनातील शोषण तेवढ्या प्रमाणात कमी दिसले असणार. अशा वेळी लेझरचा प्रवाह आणि तापमान थोडे बदलून एकच मोड चालेल अशी जागा शोधावी, भटका प्रकाश अडवावा आणि तरीही काही उरले तर तो भाग प्रत्येक नोंदीतून वजा करून मगच हायट्रानमधील तीव्रतेशी तुलना करावी.